क्लच नसलेली गाडी

डायलिसिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्त येतं. मी त्या यंत्रांच्या दुरुस्तीत सगळी नोकरी घालवली, आणि माझ्या लेखी ते काम पाण्याचं आहे. मूत्रपिंडं थकली की माणसाचं रक्त बाहेर काढून, बारीक जाळीच्या नळकांड्यातून फिरवून, स्वच्छ करून परत आत सोडावं लागतं. जाळीच्या एका अंगानं रक्त वाहतं, दुसऱ्या अंगानं पाणी. नेदरलंड्समधलं नळाचं पाणी आम्ही पुणेकर आल्याआल्या मोठ्या कौतुकानं पितो, पण पोटाला चालतं ते रक्ताशेजारी चालत नाही. म्हणून यंत्राजवळ पाणी गाळणारं आणखी एक यंत्र ठेवलेलं असतं. त्याचा पंप बसला की सगळंच बसलं. रुग्णाला थोडं थांबता येतं, फार थांबता येत नाही. ते ‘फार’ व्हायच्या आत पोचणं हे माझं काम.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेनला राहत होतो. मी, बायको अनघा आणि मुलगी सई. सई तेव्हा शाळकरी होती आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायला लागली होती. माझ्याकडे झूटरमेरपासून ब्रेडापर्यंतची काही रुग्णालयं आणि घरच्या घरी डायलिसिस करणारे थोडे रुग्ण होते. कंपनीचे बाकीचे तंत्रज्ञ व्हॅननं फिरायचे. व्हॅनमध्ये सगळं मावतं, पण सकाळच्या वेळी व्हॅन हायवेवर उभी असते. इथे ट्रॅफिक जॅममध्ये मोटरसायकलला दोन रांगांच्या मधून सावकाश पुढे जायची मुभा आहे. पुण्यात उमेदीची सगळी वर्षं मोटरसायकल चालवलेल्या माणसाला ही मुभा म्हणजे माहेरी आल्यासारखंच. मी साहेबांना म्हटलं, की लहान सुटे भाग मागच्या पेटीत घालून मी मोटरसायकलनं जातो, तातडीची कामं मला द्या.

कामं वाटून देणारी विल्मा नावाची बाई होती. रेडिओवर जॅमच्या बातम्या लांबायला लागल्या की ती मला फोन करायची. “अविनाश, तुझी गाडी उभी आहे की निघालास?” तिच्या तोंडी माझं नाव ‘आफी-नाश’ व्हायचं. मला ते खटकायचं नाही, कारण त्यापुढचं वाक्य बहुतेक “दुसरं कोणी पोचू शकत नाही” असं असायचं. असं वाक्य ऐकायला मिळत असलं की माणूस पावसात, थंडीत, गुडघे बधिर होईपर्यंत गाडी हाकतो. गाडीही तशीच होती. उंच, जड, काळी. ऑफिसच्या आवारात ती सुरू केली की खिडकीतून कोणी ना कोणी बघायचंच. त्या बघण्याचं मला वावडं नव्हतं.

सगळ्या रुग्णांत माझं जास्त येणंजाणं पीटकडे. ब्रेडाच्या पलीकडे एका खेड्यात तो आणि त्याची बायको हान्नी राहायचे. पीट सत्तरीच्या घरातला, पूर्वी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. त्याचं यंत्र त्याच्या बैठकीच्या खोलीतच होतं, टीव्हीच्या शेजारी. त्याला सुया टोचायच्या, नळ्या जोडायच्या, आकडे बघायचे, हे सगळं हान्नी शिकली होती. एक दिवसाआड, चार-पाच तास, ती त्याच्याजवळ बसायची. रुग्णालयात जायला पीट तयार नव्हता. “तिथे सगळे आजारी असतात,” तो म्हणायचा.

दुरुस्तीनंतर यंत्र धुऊन, निर्जंतुक करून, पाणी तपासून मगच रुग्णाला लावता येतं. तेवढा वेळ तंत्रज्ञाला बसून राहावं लागतं. त्या बसण्यात पीटनं मला डच शिकवलं, म्हणजे त्याच्या ब्राबंटकडचं डच. निघताना मी सगळीकडे ‘हौदू’ म्हणायला लागलो. हा तिकडचा खेडवळ ‘येतो हं’. झूटरमेरच्या रुग्णालयातल्या नर्सेस हसायच्या. त्या बदल्यात पीटला माझ्या गाडीची सगळी हालहवाल सांगावी लागायची. तरुणपणी त्याच्याकडे मोटरसायकल होती. दर रविवारी तो आणि हान्नी कुठे ना कुठे जायचे, बेल्जियमपर्यंत. तब्येत बिघडली तेव्हा गाडी विकली.

माझ्या डाव्या हाताचं दुखणं हिवाळ्यात सुरू झालं. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत एक शीर तापल्यासारखी वाटायची. ज्यांनी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मोटरसायकलचा गिअर पायानं बदलतात, पण प्रत्येक वेळी डाव्या हातानं क्लच ओढावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर तो क्वचित लागतो. दोन रांगांच्या मधून मुंगीच्या पावलानं जाताना तो सतत लागतो. वर माझं काम असं, की पाण्याच्या नळ्यांचे जोड याच अंगठ्यानं आवळायचे. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, शिरेला सूज आहे म्हणाले, आणि विश्रांती सांगितली.

विश्रांती घ्यायची कशी? आमचा इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी ज्या कामासाठी मिळाली तेच करता येत नाही म्हटल्यावर पुढे काय, हे मला कोणाला विचारायची हिंमत होत नव्हती. सईची शाळा चालू होती. अनघानं डचची पहिली परीक्षा नुकती दिली होती. मी मनगटाला पट्टा बांधून जात राहिलो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी विल्माचा फोन आला. पीटच्या पाण्याच्या यंत्राचा पंप बंद पडला होता. आदल्या दिवशी सर्दीतापामुळे त्याची डायलिसिसची पाळी चुकली होती, म्हणजे आज होणं भाग होतं. आणि हायवेवर ट्रक उलटून दोन्ही लेन अडल्या होत्या.

“दुसरं कोणी पोचू शकत नाही,” विल्मा म्हणाली.

पंप पेटीत घातला आणि निघालो. ब्रेडाच्या अलीकडे रांग लागली ती डोळ्यांना शेवट दिसेना. गारठा होता, वारा आडवा होता. मी दोन रांगांच्या मधून शिरलो. क्लच ओढ, सोड, ओढ, सोड. थोड्या वेळानं अंगठा दुखायचा थांबला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की तो दुखत नाही कारण तो जागेवरच नाही. पुढच्या खेपेला क्लच ओढायला गेलो तर बोटं वळलीच नाहीत. गाडीनं हिसका दिला, इंजिन बंद पडलं, आणि ते धूड डावीकडे कलंडायला लागलं. डाव्या हातात ते सावरायची ताकद नव्हती. शेजारच्या व्हॅनच्या दाराला हँडल घासत गाडी आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी रस्त्यावर बसलो.

व्हॅनवाला उतरला. आता हा दाराबद्दल बोलणार, असं वाटलं. त्यानं आधी मला उठवलं, मग गाडी उठवली, ती कडेच्या पट्टीवर नेऊन लावली, आणि मग माझा हात आपल्या हातात घेऊन पाहिला.

“ह्या हातानं तू कुठे निघाला होतास?”

“एक यंत्र दुरुस्त करायला. माणूस वाट बघतोय.”

“मग फोन कर. आता तू कोणाकडे पोचत नाहीस.”

मी विल्माला फोन केला. तिनं उलट दिशेनं एका सहकाऱ्याला व्हॅननं पाठवलं आणि पीटच्या घरीही कळवलं. शेवटी शेजाऱ्यानं पीटला आतल्या रस्त्यांनी रुग्णालयात नेलं. त्याचं डायलिसिस नीट झालं. हे मला संध्याकाळी समजलं. तोपर्यंतचा दिवस कसा गेला ते लिहीत नाही.

साहेब चांगला माणूस होता. त्यानं मला सहा आठवडे वर्कशॉपमध्ये बसवलं आणि सांगितलं, की हात बरा झाला तर उत्तम, नाहीतर तुझ्यासाठी टेबलावरचं काही बघावं लागेल. टेबलावरचं म्हणजे डचमध्ये लिहिण्याचं काम. मला तर पीटचं डच येत होतं, तेही बोलण्यापुरतं. तो ‘बघावं लागेल’ म्हणाला तेव्हा त्यालाही माहीत होतं, की तसं काम माझ्याजोगं नाही.

हात हळूहळू सुधारला. अंगठा वळायला लागला, स्क्रू फिरायला लागले. फिजिओथेरपिस्टबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं: दुरुस्तीचं काम करा, पण तासन्‌तास क्लच ओढलात तर पुन्हा माझ्याकडेच याल.

त्या संध्याकाळी जेवताना मी ते घरी सांगितलं. अनघा म्हणाली, “व्हॅन घे ना सरळ.”

“व्हॅनवाले त्यांच्याकडे पाच आहेत. सहावा कशाला ठेवतील?”

“मग क्लच नसलेली गाडी घे.”

“म्हणजे?”

“स्कूटर. इथे मोठ्या मिळतात. त्या दिवशी आइंडहोव्हनच्या स्टेशनबाहेर होती बघ एक, आरामखुर्चीसारखी.”

मी हसलो. मी कॉलेजात असताना आमच्यात स्कूटर वडिलांची असायची. सकाळी ती एका अंगाला कलती करायची, मग किक मारायची, पायाशी भाजीची पिशवी. स्कूटरवाले आणि मोटरसायकलवाले अशा दोन जाती होत्या, आणि मी कुठल्या जातीत हे मी सतराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

“मी कॉलेजला चार वर्षं स्कूटरनं गेले,” अनघा म्हणाली. “माझा हात शाबूत आहे.”

शनिवारी आम्ही तिघं ब्रेडाच्या एका दुकानात गेलो. सईनं ती गाडी पाहिली आणि म्हणाली, “बाबा, दात इस एन ओपा-स्कूटर!” ओपा म्हणजे आजोबा. दुकानातली विक्रेती मोठ्यानं हसली.

गाडी खरोखर आरामखुर्चीच होती. पुढे रुंद काच, पायांपुढे ढाल, सोफ्यासारखी लांब सीट, मागच्याला टेकायला पाठ, आणि सीटखाली दोन हेल्मेटं मावतील एवढा कप्पा. इंजिन मात्र मोटरसायकलच्या तोडीचं, हायवेवर कुठे कमी पडू नये असं. गिअर नाही, क्लच नाही. मूठ पिळायची आणि जायचं.

“एकच लक्षात ठेवा,” विक्रेती म्हणाली. “डावीकडे जो दांडा आहे तो क्लच नाही. तो मागचा ब्रेक आहे. डाव्या हाताला सुट्टी द्या.”

लक्षात कसं राहणार? पहिल्याच चौकात वेग कमी करताना हातानं आपणहून तो दांडा पुरता आवळला. गाडी जागच्या जागी खिळली. मागून सायकलवर येणाऱ्या बाईंनी मला जे ऐकवलं ते पीटनं शिकवलं नव्हतं, पण अर्थ लागला. डावा पायही गिअर शोधत फळीवर ठोके देत होता. दुसऱ्या फेरीला तो थकून गप्प झाला. तिसऱ्या फेरीला मी रिंगरोडच्या गर्दीत शिरलो, मुद्दाम. गाड्या थांबत होत्या, सरकत होत्या. मीही थांबत होतो, सरकत होतो. आणि डावा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता. तो कशालाच लागत नव्हता. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. हेल्मेटच्या आत मी एकटाच हसत होतो.

मोटरसायकल विकली तेव्हा वाईट वाटलं. आजही तिच्यासारखी काळी गाडी दिसली की मान वळते. आणखी एक गोष्ट गेली. इथे मोटरसायकलवाले समोरासमोर आले की डावा हात जरासा उचलून एकमेकांना ओळख देतात. ओळख नसली तरी. मला ते फार आवडायचं. स्कूटरवर मी आठवडाभर सवयीनं हात उचलत राहिलो, समोरून एकाही हातानं उत्तर दिलं नाही. मग सोडून दिलं. आइंडहोव्हनच्या आपल्या मराठी मंडळींनी चिडवून घेतलं ते वेगळंच. “काय अविनाशराव, गॅसचं सिलिंडर कुठे ठेवता?” वगैरे झालं.

पण कामाला गाडी अशी बसली, की काय सांगू. ढालीमुळे गुडघे गरम. पावसात पँट कोरडी. सुटा भाग सीटखाली, धक्का नाही, पाणी नाही. गर्दीत ती मोटरसायकलइतकीच जायची, आणि पोचल्यावर माझे हात थरथरत नसायचे. हे शेवटचं सगळ्यांत मोलाचं. जोड आवळताना हात स्थिर लागतो. आधी मी पोचल्यावर कॉफीच्या निमित्तानं हात गरम करत बसायचो, आता हेल्मेट काढलं की कामाला लागायचो. पहिल्या महिन्यातच झूटरमेरला एका वॉर्डाचं पाणी बंद पडलं. सकाळची वेळ, रुग्ण येऊन पलंगांवर बसलेले. व्हॅन अडकल्या होत्या, मी पोचलो. दुपारच्या आत सगळी यंत्रं चालू झाली. विल्मानं फोन करून एवढंच विचारलं, “हात?”

“आहे,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढचं काम दिलं. टेबलाची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

पीटकडे जायची मात्र मला धास्ती होती. तो काय म्हणेल? एप्रिलमध्ये ठरलेल्या तपासणीसाठी गेलो, तर तो काठी टेकत दारातच उभा. त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. काच ठोकली, टायर पाहिला. हान्नी मागून म्हणाली, “त्याला आत तर येऊ दे.” पीटनं तिकडे लक्ष दिलं नाही. काठी भिंतीला लावली, सीटची पाठ धरली, आणि सपाता घातलेला पाय सीटच्या पुढच्या खोलगट जागेतून पलीकडे टाकून तो माझ्या जागेवर बसला. मग हळूहळू मागच्या सीटवर सरकला.

माझ्या जुन्या मोटरसायकलवर त्यानं एकदा असाच पाय टाकून बघितला होता. तो सीटच्या उंचीला पोचला नव्हता, आणि पीटनं ‘कंबर गंजली’ म्हणत विषय हसण्यावारी नेला होता. आता तो टेकून बसला होता आणि पाय पावदानावर होते.

“पोचतात,” तो म्हणाला. मग म्हणाला, “कधी जायचं?”

कामावर असताना रुग्णाला गाडीवर बसवणं शक्य नव्हतं. मी रविवारी येतो म्हटलं. हान्नीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच “डॉक्टरांना विचारून” अशी पुस्ती जोडली.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी आणि अनघा गेलो. अनघा इथे माझ्या मागे कधीच बसली नव्हती. मोटरसायकलची मागची सीट तिच्या मते फडताळ होती. स्कूटरवर ती वाटभर बोलत होती, आणि काचेच्या आडोशामुळे मला चक्क ऐकूही येत होतं.

पीट जुनं चामड्याचं जाकीट घालून तयार होता. जाकीट आता दोन मापं मोठं झालं होतं.

“डॉक्टरबाईंना विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं. सुयांच्या हाताला धक्का लावू नका म्हणाल्या, आणि जपून जा म्हणाल्या. आज सुयांचा दिवस नाही. आणखी काही?”

अनघाचं हेल्मेट त्याला बसलं. तो उजव्या हातानं मागची मूठ धरून बसला, सुया टोचायचा डावा हात जाकिटात घातलेला. आम्ही पाटाच्या कडेनं निघालो. मी अगदी जपून चालवत होतो. पहिल्या वळणावर मला मागे ओझं जाणवेल असं वाटलं होतं. काहीच जाणवलं नाही. मागे बसणारा नवखा असला की वळणावर ताठ होतो आणि गाडी ओढली जाते. पीट गाडीबरोबर कलला आणि गाडीबरोबर सरळ झाला. मी वेग थोडा वाढवला. मागून आरडाओरडा झाला. मी घाबरून हळू केलं.

“काय झालं?”

“हळू का केलंस?” पीट ओरडला.

नदीच्या बांधापर्यंत गेलो. तो उतरला नाही, बसल्या बसल्या पाण्याकडे बघत राहिला. मालाच्या बोटी जात होत्या. परत येताना त्यानं मला तीन रस्ते दाखवले. “हा मी केलेला. हाही मीच. हा नाही, बघ कसा लागतोय.”

घरी पोचलो तेव्हा हान्नी आणि अनघा दारातच उभ्या होत्या. हान्नीनं आधी त्याचा डावा हात तपासला, मग चेहरा. पीटला उतरायला वेळ लागला. उतरून, हेल्मेट काढून त्यानं ते माझ्या हातात दिलं नाही. हान्नीपुढे धरलं.

“आता तू.”

“मी? कॉफी टाकायची आहे.”

“कॉफी ही टाकेल,” पीट अनघाकडे बघून म्हणाला.

“टाकते की,” अनघा म्हणाली.

“तुझ्याजवळ कोणी…” हान्नीनं सुरुवात केली.

“हान्नी, मी खुर्चीत बसणार आहे. खुर्चीत बसायला मला मदत लागत नाही.”

हान्नीनं एप्रन सोडून दाराच्या मुठीला अडकवला आणि हेल्मेट घातलं. गाडीवर ती अशी बसली, की मध्ये एवढी वर्षं गेलीच नसावीत. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर.

मी विचारलं, “नदीकडे?”

“कुठेही,” ती म्हणाली.

गावाबाहेर एक गोल चौक होता, मध्ये ट्युलिप लावलेले. त्याला वळसा घालून मी परतीच्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात खांद्यावर थाप पडली.

“अजून एकदा.”

मी पुन्हा वळसा घातला.

“अजून.”

शेतांवर वारा होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. तिचे खांद्यावरचे हात सैल होत गेले, आणि मग एक हात उचलला गेला. आरशात पाहिलं तर तिनं तो वाऱ्यात नुसता बाजूला धरला होता, लहान मुली धरतात तसा. किती वळसे झाले ते आम्ही दोघांनीही मोजलं नाही. मग नदीकडेही गेलो.

परतलो तेव्हा पीट खिडकीतून मान काढून ओरडला, “कॉफी गार झाली! कुठे होतात इतका वेळ?”

हान्नीनं हेल्मेट काढलं. केस चपटे झाले होते, गाल लाल होते. तिनं अडकवलेला एप्रन उचलला, पण बांधला नाही. तो हातात घेऊनच ती आत शिरली.

“गाडी मागे वळायलाच तयार नव्हती,” तिनं सांगितलं.